गाडी चालवणे थांबले, ये-जा कशी चालू ठेवावी?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने वयामुळे किंवा आजारामुळे गाडी चालवणे बंद केले आहे आणि त्यापाठोपाठ तिचे बाहेर पडणेही हळूहळू बंद होत चालले आहे. ठाणे आणि नवी मुंबई येथील चार वाचकांची पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाडा भागात राहतो. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत आणि चाळीस वर्षे त्यांनी स्वतः गाडी चालवली. काचबिंदूमुळे बाजूचे दिसणे कमी झाल्याने आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मनाई केली आणि त्यांनी ती निमूटपणे मानली. पूर्वी ते आठवड्यातून दोनदा तलावपाळीवर मित्रांना भेटायला जात आणि त्याच फेरीत कौपिनेश्वराचे दर्शन घेऊन येत. आता ते फक्त नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात, तेही आमच्यापैकी कोणी सुट्टी घेतली तरच. रिक्षाने जा म्हटले की, "एका फेरीला शंभर रुपये मोजायचे का?" असे विचारतात. गाडी पार्किंगमध्ये उभीच आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. कमी खर्चात त्यांची ये-जा पुन्हा सुरू कशी करावी? – एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या सासऱ्यांनी डॉक्टरांचे म्हणणे लगेच ऐकले, याचे मला फार कौतुक वाटते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि समोरचे स्वच्छ दिसत असल्यामुळे बाजूचे दिसेनासे झाले आहे, हे गाडी चालवणाऱ्याच्या बराच काळ लक्षातही येत नाही. रिक्षाच्या शंभर रुपयांबद्दलची त्यांची तक्रारही कंजूषपणाची समजू नये. स्वतःच्या गाडीवरचा खर्च वर्षातून दोन-चार वेळा, मोठ्या रकमेने आणि बहुधा बँकेतून परस्पर होतो. रिक्षाचा खर्च मात्र प्रत्येक फेरीला खिशातून नोट काढून करावा लागतो. त्यामुळे पहिला जाणवत नाही आणि दुसरा दर वेळी टोचतो.

यासाठी एखाद्या रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर बसून, आणि हिशेब त्यांच्याच हातात देऊन, गाडीचे मागील वर्षाचे कागद काढावेत. विम्याचा हप्ता, सर्व्हिसिंग, पीयूसी, बदललेली बॅटरी किंवा टायर, सोसायटीचे पार्किंग शुल्क आणि पेट्रोल या सर्वांची बेरीज करून तिला बाराने भागावे. पेट्रोल बाजूला ठेवले आणि उरलेला खर्च वर्षाला १८ हजार रुपये निघाला असे धरले, तर गाडी जागची हललीही नाही तरी महिन्याला दीड हजार रुपये जातात. आता रिक्षाचा हिशेब पाहू. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे पडतात. मानपाडा ते तलावपाळी हे अंतर साडेसहा किलोमीटर धरले, तर एका फेरीचे साधारण ११२ रुपये होतात. आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन महिन्याला सुमारे १,९४० रुपये लागतील, आणि जाताना बस व येताना रिक्षा असे केले तर यातले निम्म्याच्या आसपास वाचतील. म्हणजे उभ्या गाडीवर जे खर्च होते, तेवढ्यातच त्यांचा कट्टा आणि दर्शन दोन्ही बसते. हे आपण त्यांना सांगून पटणार नाही. त्यांनी स्वतः बेरीज केली तर पटेल.

असे मी अनुभवाने लिहिते. माझे वडील गाडीच्या कप्प्यात एक लहान डायरी ठेवत आणि पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटर आणि रुपये त्यात लिहीत. मोतीबिंदू आणि नंतर पायातील अशक्तपणा यामुळे त्यांनी गाडी विकली, तेव्हा ती डायरी त्यांनी घरात आणली आणि उरलेल्या पानांवर रिक्षाची भाडी लिहायला सुरुवात केली. "वाशी ते नेरूळ, मीटरप्रमाणे" असे लिहून पुढे रक्कम, आणि रिक्षावाल्याने सुटे परत दिले की नाही याचीसुद्धा नोंद. सुरुवातीचे दोन महिने ते प्रत्येक आकडा जरा खट्टू होऊनच लिहीत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी जुनी पाने आणि नवी पाने शेजारी शेजारी ठेवून बेरीज केली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता भाचीच्या घरी जाऊन आले. त्या दिवसापासून "भाडे किती झाले" हा विषय आमच्या घरात निघाला नाही.

गाडी घरातील इतरांना लागत नसेल, तर ती विकावी आणि त्याचे पैसे त्यांच्याच खात्यावर, प्रवासासाठी म्हणून वेगळे ठेवावेत. विकताना नमुना २९ आणि नमुना ३० भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाली आहे याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. नुसती किल्ली आणि कागद देऊन मोकळे झालेल्या कुटुंबांना नंतर दुसऱ्याच्या दंडाच्या पावत्या आपल्या नावावर आलेल्या पाहाव्या लागतात. गाडी घरात ठेवायची असेल, तर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात जमा करावी. प्रत्येक वेळी सुनेकडे किंवा मुलाकडे रिक्षाचे पैसे मागण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, कारण ज्यांनी चाळीस वर्षे घरातील सर्वांना गाडीतून नेले-आणले, ते मागण्यापेक्षा न जाणे पसंत करतात.

आता प्रत्यक्ष प्रवासाचे पाहू. ठाणे परिवहनच्या बसने घोडबंदर रस्त्यावरून शहरात येता येते आणि ज्येष्ठांना तेथे भाड्यात सवलत आहे; ती मिळण्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि सध्याचा दर परिवहन सेवेच्या पास खिडकीवर एकदा विचारून घ्यावा. बसची वेळ मात्र जपून निवडावी. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत बसायला जागा मिळते आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची रेटारेटी नसते. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला अनेक बस सॅटिस या स्थानकालगतच्या उंच पुलावर जाऊन थांबतात. तेथून खाली उतरताना पायऱ्या, गर्दी आणि खाली रिक्षांची रांग हे सगळे एकाच वेळी समोर येते, आणि बाजूचे कमी दिसणाऱ्या माणसासाठी हीच जागा सर्वांत अवघड असते. त्यामुळे शेवटच्या थांब्यापर्यंत न जाता, वाहकाला चढतानाच सांगून, तलावपाळीला जवळच्या आधीच्या थांब्यावर उतरणे बरे. पहिल्या दोन-तीन फेऱ्या आपल्यापैकी कोणीतरी सोबत करावी. त्यांना वाट दाखवण्यासाठी नाही, तर कोणत्या थांब्यावरची पायरी उंच आहे, कोठे फुटपाथ उखडला आहे, रस्ता कोठून ओलांडावा, हे दोघांनी मिळून ठरवण्यासाठी. आणि संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी परत निघावे, कारण काचबिंदूच्या रुग्णाला कमी उजेडात अंदाज घेणे फार कठीण जाते.

शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण तिच्यात मागे तिघांपुरतीच जागा असते. चालकाच्या शेजारी चौथा प्रवासी बसवणे नियमबाह्य आहे आणि ज्येष्ठाने तर त्या जागी कधीच बसू नये. रिक्षातून उतरताना डाव्या बाजूने उतरावे लागते आणि नेमक्या त्याच बाजूने दुचाकीस्वार घुसतात, म्हणून रिक्षा पूर्ण थांबल्यावर मागे वळून पाहून, आधी काठी आणि मग पाय बाहेर टाकण्याची सवय लावून घ्यावी. परतीच्या वेळी रिक्षा मिळत नसेल, तर आपण कार्यालयात बसून आपल्या मोबाइलवरून त्यांच्यासाठी ॲपची रिक्षा मागवू शकता. त्यांनी फक्त गाडीचा क्रमांक पाहून ओटीपीचे चार आकडे सांगायचे असतात. मात्र गर्दीच्या वेळी ॲपचे भाडे मीटरपेक्षा बरेच चढते, त्यामुळे हा मार्ग नेहमीचा न करता अडीअडचणीसाठी ठेवावा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे आणि कोपरखैरणे येथे पत्नीसह राहतो. मुलगी परदेशी आहे. पत्नीला आठवड्यातून तीनदा वाशीतील रुग्णालयात डायलिसिसला न्यावे लागते. आतापर्यंत मीच गाडीने नेत होतो, परंतु माझ्या हाताला कंप सुटू लागल्याने मी स्वतःहून चालवणे थांबवले. माझ्या लायसन्सची मुदतही संपत आली आहे. रुग्णवाहिका परवडत नाही. १०८ क्रमांकावरून गाडी मागवता येईल का? दुसरा काही स्वस्त मार्ग आहे का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : १०८ ची सेवा तातडीच्या रुग्णांसाठी आहे. ठरलेल्या दिवशी डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी ती मागवणे योग्य होणार नाही. पण डायलिसिसनंतर घरी आल्यावर छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, सुईच्या जागेतून रक्त न थांबणे असे काही झाले, तर क्षणाचाही विचार न करता हाच क्रमांक फिरवावा.

नेहमीच्या फेऱ्यांसाठी माझे पहिले सांगणे असे की, वाहन स्वस्त कोणते हे शोधण्याआधी अंतर कमी होते का, ते पाहावे. डायलिसिसची केंद्रे आता उपनगरांत बऱ्याच ठिकाणी आहेत आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारून, कोपरखैरणे किंवा घणसोली परिसरातील योजनेशी संलग्न केंद्रात जागा मिळते का, याची चौकशी करावी. महिन्याला तेरा वेळा होणारी फेरी तीन किलोमीटरने कमी झाली, तर त्याच्याएवढी बचत कोणतीही सवलत देऊ शकत नाही. पोटातील पडद्याद्वारे घरच्या घरी करण्याचे डायलिसिसही असते. ते प्रत्येकाला चालत नाही, आणि तुमच्या घरात मदतीला दुसरे कोणी नाही हेही खरे, तरी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे.

केंद्र बदलणे शक्य नसेल, तर नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर जाऊन एका चालकाशी महिन्याचे बोलणे करावे. कोपरखैरणे ते वाशी पाच किलोमीटर धरले, तर मीटरने एका बाजूचे ८६ रुपये, दोन्ही बाजूंचे १७२ आणि महिन्याच्या तेरा फेऱ्यांचे २,२३६ रुपये होतात. डायलिसिसला साधारण चार तास लागतात, त्यामुळे रिक्षा थांबवून ठेवू नये. सोडण्याची आणि न्यायला येण्याची वेळ ठरवून द्यावी. घासाघीस करून मीटरपेक्षा कमी भाडे ठरवण्याच्या फंदात पडू नये, असे मला मनापासून वाटते. ठरलेल्या वेळी येणारा, जिन्यापर्यंत येऊन पत्नीला हात देणारा आणि येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवणारा चालक मिळाला, तर मीटरचे पूर्ण भाडे आणि दिवाळीला बक्षिसी देऊनही तो स्वस्तच. त्याचा आणि त्याच स्टँडवरच्या आणखी एकाचा क्रमांक कागदावर लिहून फोनजवळ लावून ठेवावा.

खर्च खरोखर निम्म्यावर आणण्याचा मार्ग डायलिसिस केंद्रातच आहे. एकाच पाळीला येणाऱ्या रुग्णांमध्ये कोपरखैरणे, घणसोली, रबाळे या पट्ट्यातले कोणीतरी बहुधा असतेच. केंद्रातील परिचारिकेला विचारून अशा एखाद्या कुटुंबाची ओळख करून घ्यावी आणि दोघांच्या पाळ्या जुळवून मिळतात का, ते पाहावे. दोन रुग्ण आणि एक सोबती एका रिक्षात बसू शकतात. जेथे समाजसेवा अधीक्षक हे पद आहे, तेथे त्यांना भेटून एखादी धर्मादाय संस्था रुग्णांसाठी गाडी चालवते का, हेही विचारावे. अशा संस्थांची माहिती या मंडळींकडे असते, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाही.

लोकलचा विचार तुमच्या मनात आला असेल. कोपरखैरणे ते वाशी द्वितीय श्रेणीचे तिकीट किमान भाड्यात, म्हणजे पाच रुपयांत येते. जाताना पत्नीला चालवत असेल आणि गर्दीची वेळ टळत असेल, तर क्वचित तसे जायला हरकत नाही. येताना मात्र लोकल आणि बस दोन्ही टाळावे. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नवी मुंबईतील स्थानकांचे लांबलचक भुयारी मार्ग आणि जिने अशा वेळी त्यांना झेपणार नाहीत. पैसे वाचवायचेच असतील, तर ते जाण्याच्या फेरीत वाचवावेत.

लायसन्सबद्दल थोडक्यात. पंचावन्न वर्षांनंतर ते दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून मिळते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये लागते. कमाल वयाची अट नसली, तरी हाताला कंप असताना ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी खटपट करू नये. ज्या दिवशी आपण स्वतःहून किल्ली ठेवली, त्या दिवशी पत्नीची आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची काळजी घेतलीत.

तुमच्या घरात दुसरे कोणी नसल्यामुळे आणखी एक क्रमांक देते. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन असून तिच्यावरून माहिती, मार्गदर्शन आणि मनावरचा ताण बोलून दाखवण्यासाठी मदत विनामूल्य मिळते. रुग्णाची सोबत करणाऱ्यालाही ती हवी असते.

प्रश्न : माझे वय ६७ असून मी खारघरला राहते. पतींच्या निधनानंतर गाडी काढून टाकली, मला चालवता येत नव्हतीच. सवलतींबाबत प्रत्येक जण वेगळे सांगतो. एसटीत ६५, कोठे ६०, कोठे ७५. मला नक्की कोठे काय मिळते? – एक वाचक, खारघर

उत्तर : हा गोंधळ तुमच्या समजण्यातला नाही. राज्याच्या २०१८ च्या धोरणाने ज्येष्ठ नागरिक ठरण्याचे वय ६५ वरून ६० केले, परंतु प्रत्येक सेवेने आपापल्या सवलतीची अट वेगळी ठेवली आहे. एसटीत ६५ ते ७५ या वयात भाड्यात ५० टक्के सवलत आहे आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यभर मोफत प्रवास आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता निम्मे भाडे आहे. ज्येष्ठांची आणि महिलांची अशा दोन्ही सवलतींची बेरीज होत नाही, त्यामुळे सध्या तुम्हाला अर्धे तिकीट लागेल आणि पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर लागणार नाही. आधार कार्ड किंवा जन्मतारीख असलेले इतर सरकारी ओळखपत्र दाखवले की पुरते. एसटीची ही मोफत सवलत शहरांतर्गत बससाठी नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

नवी मुंबई परिवहन आणि ठाणे परिवहन यांच्या सवलती त्यांच्या-त्यांच्या महापालिकांच्या आहेत. एका सेवेचा पास दुसऱ्या सेवेच्या बसमध्ये चालेलच असे धरून चालू नये. वाशी किंवा ठाण्याच्या एकाच थांब्यावर दोन-तीन सेवांच्या बस येतात, आणि घाईत चढल्यावर वाहकाशी वाद होतात ते बहुधा याच कारणाने. चढण्यापूर्वी बसवरचे नाव पाहावे.

लोकलच्या तिकिटात ज्येष्ठांना सूट नाही, मात्र त्यांच्यासाठी राखीव आसने आहेत आणि मालडब्यांपैकी एकाचे ज्येष्ठांच्या डब्यात रूपांतर करण्याचे कामही रेल्वेने हाती घेतले आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. त्याआधी महिलांना ५८ वर्षांपासून निम्मे भाडे होते. ती पुन्हा सुरू व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. काही गंभीर आजारांचे रुग्ण आणि दिव्यांग यांच्या सवलती चालू आहेत, आणि तुम्हाला खालचा बर्थ मिळण्यासाठी वेगळा कोटा आहे; महिलांना तो ४५ वर्षांपासून मिळतो, म्हणून आरक्षण करताना वय अचूक लिहावे.

खारघरला तुमच्यासाठी सर्वांत सोयीची गोष्ट मेट्रो आहे. बेलापूर ते पेंधर हा अकरा स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला आणि २०२४ मध्ये भाडे कमी केल्यानंतर अंतरानुसार १० ते ३० रुपयांत प्रवास होतो. स्थानकांत लिफ्ट आहेत आणि गाडीत पाऊल सपाट फलाटावरून पडते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसाठी यापेक्षा सुखाचे वाहन या भागात दुसरे नाही. घरापासून स्थानकापर्यंतचा तुकडा रिक्षाने आणि पुढचा मेट्रोने, असा प्रवास एकदा करून पाहावा.

गुडघ्याचा पट्टा, काठी किंवा चष्मा घेण्याचे राहून गेले असेल आणि घरचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील व्यक्तीला अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. अनेकींचे बाहेर पडणे गाडीअभावी थांबलेले नसते. हातात चांगली काठी नसल्यामुळे थांबलेले असते.

प्रश्न : ठाण्यातील वसंत विहार भागातील आमच्या सोसायटीत साठ वर्षांवरील तीसहून अधिक सदस्य आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी गाडी चालवणे सोडले आहे. एका सदस्याची सात आसनी गाडी आहे आणि तो प्रत्येकी थोडे पैसे घेऊन सर्वांना बाजार, बँक, नाट्यगृह येथे न्यायला तयार आहे. हे करावे का? – सोसायटीचा सचिव

उत्तर : त्या सदस्याची इच्छा चांगली आहे, पण पैसे घेऊन हे करू नये. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरायला परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि सगळा भार त्या सदस्यावर येतो. त्याने पैसे न घेता शेजाऱ्यांना नेले, तर त्यात काही गैर नाही. अर्थात, फुकट किती दिवस मागायचे हा संकोच थोड्याच दिवसांत आड येतो, हेही मी पाहिले आहे.

त्याऐवजी पिवळ्या पाटीची परवानाधारक गाडी आठवड्यातील दोन ठरावीक दिवशी, ठरावीक तासांसाठी भाड्याने घ्यावी आणि भाडे त्या दिवशी येणाऱ्यांमध्ये समान वाटावे. मंगळवार बँक, औषधे आणि दवाखान्यासाठी, शुक्रवार बाजार आणि भेटीगाठींसाठी, असे वार पक्के केले की लोक आपली कामे त्या दिवसांवर ढकलतात आणि गाडी भरते. सुरुवातीला सहा जणही पुरतात. गेटवरच्या वॉचमनकडे वही ठेवावी. तिच्यात नाव, मजला, कोठे जायचे, परत किती वाजता, जिना उतरायला मदत हवी का आणि घरच्या एका व्यक्तीचा फोन, एवढे रकाने असावेत. नाव आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत लिहावे. हा खर्च सोसायटीच्या निधीतून करायचा असल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा; वापरणाऱ्यांनीच वाटून घ्यायचा असल्यास फक्त हिशेब सूचना फलकावर लावला तरी चालतो. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाला किंवा गडकरी रंगायतनला जाण्याचे दिवस वेगळे ठेवावेत, कारण रात्रीचा प्रयोग संपल्यावर परतीची गाडी मिळवणे हीच खरी अडचण असते आणि त्या रात्रीचे भाडे आधी ठरलेले असले पाहिजे. बारानंतर रिक्षाला २५ टक्के जास्त मोजावे लागतात, हेही धरून चालावे.

याच्या बरोबरीने आणखी एक काम करावे आणि ते सोसायटीने एकट्याने न करता परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाला सोबत घेऊन करावे. बसचा थांबा घरापासून दूर असेल, थांब्याला बसायला बाक नसेल किंवा दुपारी तास-दीड तास बसच येत नसेल, तर परिवहन सेवेच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा. "बसची संख्या वाढवावी" अशा मोघम मागणीला मोघमच उत्तर येते. त्याऐवजी कोणत्या थांब्यावर, कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बस आली नाही, याची दोन आठवड्यांची नोंद जोडावी. सोसायटीत निवृत्त माणसे भरपूर आहेत. सकाळी एक आणि दुपारी एक असे दोघे जण खुर्ची टाकून थांब्याजवळ बसले, तरी ही नोंद सहज होते. अर्जावर सह्यांबरोबर प्रत्येकाचे वय लिहावे, अर्जाची प्रत प्रभागातील लोकप्रतिनिधींना द्यावी आणि आवक-जावक विभागातून शिक्क्यासह पोच घेऊन ती त्याच वहीत चिकटवून ठेवावी.